नोटर डेम, ओबामा आणि एक मानद पदवी: २००९ चा वाद नेमका कशावरून झाला?

चौकस

मे महिना उजाडला की अमेरिकेतल्या कुठल्या तरी कॅथलिक विद्यापीठात पदवीदानाच्या पाहुण्यावरून जुंपते. आपल्याकडे बातमी येते ती "चर्चचा विरोध" एवढ्या दोन शब्दांत. कोणाचा विरोध, कशाला, आणि विरोध असूनही कार्यक्रम कसा पार पडतो, हे कुणी सांगत नाही. या सगळ्या भांडणांचा मूळ नमुना म्हणजे २००९ चं नोटर डेम प्रकरण. ते एकदा नीट मांडून ठेवतो, भर घालणारे घालतीलच.

आधी उच्चार. फ्रेंच माणूस "नोत्र दाम" म्हणेल, पण इंडियानात तसं म्हणालात तर लोकांना वाटेल पॅरिसच्या कॅथीड्रलबद्दल चाललंय. तिथे "नोटर डेम". साऊथ बेंड शहराला लागून, १८४२ साली होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरिन यांनी काढलेलं.

२० मार्च २००९ ला जाहीर झालं की १७ मेच्या पदवीदानाला अध्यक्ष बराक ओबामा येणार, भाषण करणार आणि त्यांना डॉक्टर ऑफ लॉज ही मानद पदवी देणार. विद्यापीठाचे अध्यक्ष होते फादर जॉन जेन्किन्स. चर्चचा गर्भपाताला आणि भ्रूण नष्ट करणाऱ्या संशोधनाला ठाम विरोध, म्हणून तारखांकडे लक्ष द्या. परदेशात गर्भपाताशी संबंधित काम करणाऱ्या संस्थांची अमेरिकी मदत रोखणारा नियम ओबामांनी २३ जानेवारीला उठवला होता. भ्रूणाच्या मूलपेशींवरच्या संशोधनाला सरकारी पैसा मोकळा करणाऱ्या आदेशावर ९ मार्चला सही झाली होती. म्हणजे आमंत्रण जाहीर झालं तेव्हा त्या सहीला दोन आठवडेही झाले नव्हते.

२४ मार्चला स्थानिक बिशप जॉन डार्सी यांनी कळवलं की ते समारंभाला येणार नाहीत. २७ एप्रिलला हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापक मेरी अ‍ॅन ग्लेंडन यांनी पदवीदानाच्याच दिवशी मिळणारं लीटारी पदक (नोटर डेम कॅथलिकांना देतं तो सन्मान) नाकारलं. दरम्यान कार्डिनल न्यूमन सोसायटी या कॅथलिक संघटनेच्या आमंत्रणविरोधी ऑनलाइन अर्जावर साडेतीन लाखांहून जास्त सह्या पडल्या. ८० हून अधिक बिशप जाहीरपणे विरोधात बोलले. तरीही १७ मेला ओबामा आले, बोलले, पदवी घेऊन गेले.

विद्यापीठाची बाजूही सांगतो. त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षांना बोलावण्याची जुनी प्रथा होती: आयझेनहॉवर १९६०, कार्टर १९७७, रेगन १९८१, थोरले बुश १९९२, धाकटे बुश २००१. रेगन तर गोळीबारातून सावरल्यावर वॉशिंग्टनबाहेर पहिल्यांदा पडले ते इथेच येण्यासाठी. मग ओबामांनाच का वगळायचं, हा त्यांचा प्रश्न.

---

भोचक_भवानी

छान मांडलंय. पण मला एक कळत नाही. बिशप म्हणजे त्या भागातला चर्चचा सर्वोच्च माणूस ना? तो नाही म्हणाल्यावर आमंत्रण रद्द का झालं नाही?

---

वसईकर

भवानीताई, सगळा घोळ इथेच आहे.

आपल्या वसईत शाळा, दवाखाना, धर्मग्राम सगळं एकाच धर्मप्रांताच्या छत्राखाली असतं, म्हणून आपल्याला वाटतं बिशप सांगेल ती पूर्वदिशा. नोटर डेम धर्मप्रांताचं नाहीच. ते काढलं व्रतस्थांच्या संघाने, आणि व्रतस्थ संघ आपल्या कारभारात बिशपच्या हाताखाली नसतात. त्यातही १९६७ मध्ये संघाने विद्यापीठाचा कारभार प्रापंचिकांचं (म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्यांचं) बहुमत असलेल्या विश्वस्त मंडळाकडे दिला. त्याच्या वर 'फेलो' म्हणून बारा जणांचं छोटं मंडळ आहे, सहा होली क्रॉसचे धर्मगुरू आणि सहा प्रापंचिक. अध्यक्ष मात्र होली क्रॉसचा धर्मगुरूच असावा लागतो. या साखळीत बिशपची खुर्ची कुठेच नाही.

मग बिशपच्या हातात काय उरतं? दोन गोष्टी. एक, 'कॅथलिक' हे नाव. चर्चच्या कायद्यातलं ८०८ वं कलम सांगतं की चर्चच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कुठल्याही विद्यापीठाने स्वतःला कॅथलिक विद्यापीठ म्हणवू नये. दोन, ८१२ व्या कलमानुसार कॅथलिक धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांना त्याची परवानगी लागते. पाहुणा कोण असावा हे या दोन्हींत येत नाही. नाव काढून घेणं म्हणजे तर अणुबॉम्ब. तो टाकण्याची धमकी देणंही अवघड.

डार्सींचा राग आमंत्रणाइतकाच पद्धतीवर होता. त्यांना आधी विचारलं नाही. व्हाइट हाउसच्या घोषणेच्या जरा आधी नुसतं कळवण्यात आलं. बिशप म्हणून त्यांच्या काळातलं हे पंचविसावं पदवीदान होतं.

---

मिसळभोक्ता

१९६७ चा विषय निघालाच आहे तर लँड ओ'लेक्सचं निवेदनही सांगा की. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्सला नोटर डेमच्या जागेत कॅथलिक विद्यापीठांची मंडळी जमली, यजमान नोटर डेमचेच अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग. निवेदनाचा गाभा असा: विद्यापीठ खऱ्या अर्थाने विद्यापीठ व्हायचं तर बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, मग ती प्रापंचिक असो की धर्मगुरूंची, त्याला स्वायत्तता हवी.

पुढे १९९० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'एक्स कोर्दे एक्लेझिए' हे फर्मान काढलं. त्यात बिशपांना बाहेरचे न मानता विद्यापीठाच्या जीवनातले सहभागी मानलं आहे. २००९ ला भांडले जेन्किन्स आणि डार्सी, पण खरी झुंज या दोन कागदांची होती.

---

शब्दच्छल

माझ्या मते झुंज तिसऱ्याच कागदाची होती आणि त्यातल्याही एका वाक्याची. अमेरिकन बिशपांच्या परिषदेने जून २००४ मध्ये 'राजकीय जीवनातील कॅथलिक' या मथळ्याचं निवेदन काढलं. साल बघा, जॉन केरींच्या निवडणुकीचं. केरी स्वतः कॅथलिक आणि गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे. त्यातली दोन वाक्यं मराठीत अशी होतील:

कॅथलिक समाजाने आणि कॅथलिक संस्थांनी आपल्या मूलभूत नैतिक तत्त्वांना धुडकावून वागणाऱ्यांचा सन्मान करू नये. त्यांच्या कृतींना पाठिंबा सूचित होईल असे पुरस्कार, सन्मान वा व्यासपीठ त्यांना देऊ नये.

आता गंमत बघा. जेन्किन्स यांनी दोन पळवाटा (त्यांच्या मते दोन साधे अर्थ) काढल्या. पहिली मथळ्यातली: निवेदन कॅथलिकांबद्दल आहे, ओबामा कॅथलिक नाहीत, आणि जे चर्चचे सदस्यच नाहीत त्यांनी चर्चची तत्त्वं धुडकावली असं कसं म्हणणार? दुसरी त्या "पाठिंबा सूचित होईल असे" मधली: आम्ही जाहीरच सांगतोय की गर्भपात आणि मूलपेशी या दोन मुद्द्यांवर आमचा पाठिंबा नाही, मग सूचित काय होणार?

मराठीत हे वाक्य आणताना "असे" घालावंच लागतं, आणि ते घातलं की अर्थ आपोआप जेन्किन्स यांच्या बाजूला झुकतो: सगळे सन्मान नाहीत, *असे* सन्मान नकोत. मूळ इंग्रजीत ते तितकं घट्ट बांधलेलं नाही. सन्मान म्हटला की पाठिंबा आलाच, असाही तो वाचता येतो. डार्सी तसाच वाचत होते. आणि त्यांचं म्हणणं होतं की बिशपांच्या कागदाचा अर्थ बिशप लावणार, विद्यापीठाचे वकील नाहीत.

अख्ख्या देशातलं भांडण एका संबंधी उपवाक्यावर तोललेलं होतं. व्याकरण शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात वापरावं.

---

चौकस

शब्दच्छल, मानलं राव! मथळ्याचा मुद्दा माहीत होता, "असे"चा लक्षात आला नव्हता.

पण पहिल्या पळवाटेची दुसरी बाजू बघा. ती खरी मानली तर गर्भपाताला पाठिंबा देणारा प्रोटेस्टंट चालेल आणि तेच करणारा कॅथलिक चालणार नाही. २०१६ ला लीटारी पदक डेमोक्रॅट जो बायडन आणि रिपब्लिकन नेते जॉन बेनर या दोघांना एकत्र दिलं. बायडन कॅथलिक, गर्भपाताच्या हक्काचे समर्थक. म्हणजे २००९ ला वापरलेली ढाल सात वर्षांनी विद्यापीठाने स्वतःच खाली ठेवली. तेव्हाचे बिशप केव्हिन र्‍होड्स यांनी यावर आक्षेप घेतलाच.

---

कडू_कारलं

ग्लेंडनबाईंचं पत्र कुणी वाचलंय का? सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धारदार कागद तोच आहे, आणि लोक नुसतं "पदक नाकारलं" म्हणून पुढे जातात.

ही बाई बाहेरून ओरडणारी नव्हती. व्हॅटिकनमध्ये अमेरिकेची राजदूत राहिलेली. लीटारी पदक १८८३ पासून दिलं जातं, अमेरिकन कॅथलिकांमध्ये त्याची पत मोठी. डिसेंबरात तिला कळवलं, तिने आनंदाने होकार दिला, भाषणाची तयारी सुरू केली. मग मार्चमध्ये ओबामांची घोषणा. त्यावर टीका आल्यावर विद्यापीठाने बचावाचे मुद्दे वाटले, आणि त्यात लिहिलं की ओबामा एकटेच बोलणार नाहीत, ग्लेंडनही बोलणार आहेत, आणि त्यांचं बोलणं ऐकणं हे राष्ट्राध्यक्षांसाठी चांगलंच आहे.

बस. तिचं म्हणणं होतं, मला बोलावलंत पदक घ्यायला, आणि आता वापरताय तराजूच्या दुसऱ्या पारड्यातलं वजन म्हणून. आणि पदवीदान, जो मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आनंदाचा दिवस, तो एवढ्या गंभीर प्रश्नाचा छोटेखानी प्रतिवाद उरकायची जागा नव्हे. तिने हेही नोंदवलं की इतर कॅथलिक संस्था २००४ चं निवेदन धाब्यावर बसवताना दिसतायत आणि नोटर डेमची लागण पसरेल.

आयोजकांसाठी यात धडा सरळ आहे: एका पाहुण्यावर टीका होतेय म्हणून दुसऱ्या पाहुण्याला न विचारता त्याचा "समतोल" म्हणून वापर केलात तर दुसराही हातचा जातो. झालंही तसंच. त्या वर्षी पदक कुणालाच दिलं नाही. ३० एप्रिलला जाहीर केलं की १९८४ चे पदकविजेते न्यायाधीश जॉन नूनन भाषण करतील. अवघ्या तीन दिवसांत माणूस शोधला, ही गोष्ट मात्र मानायला हवी.

---

भोचक_भवानी

मग प्रत्यक्ष दिवशी काय झालं? भाषणात गोंधळ झाला ना?

---

चौकस

झाला, पण जेवढा गाजला तेवढा नाही. जॉइस सेंटर, बंदिस्त सभागृह, सुमारे १२,००० माणसं. भाषण सुरू झाल्यावर थोड्या वेळात तीन-चार ठिकाणांहून ओरडा झाला, गर्भपात म्हणजे खून वगैरे. सुरक्षारक्षकांनी त्यांना बाहेर नेलं. ओरडणारे बहुतेक पदवीधर नव्हते. उरलेल्या सभागृहाने फुटबॉलच्या मैदानावरची "वुई आर एनडी" ही आरोळी ठोकून तो आवाज बुडवला, त्यात काहींनी "येस वुई कॅन" मिसळलं.

पदवीधरांचा निषेध डोक्यावर होता, अक्षरशः. चौकोनी टोपीच्या सपाट माथ्यावर पिवळा क्रूस आणि बाळाची दोन पावलं चिकटवलेली. ओबामांच्या बाजूची मुलंही मागे नव्हती, त्यांच्या टोप्यांवर निवडणूक प्रचारातलं गोल चिन्ह होतं. टोपीचा माथा ही एकच जागा अशी की वरच्या कॅमेऱ्याला दिसते आणि समारंभाची शिस्तही मोडत नाही.

भाषण कसलेलं होतं. सुरुवातीलाच विनोद: त्याच आठवड्यात अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने भाषणाला बोलावूनही मानद पदवी दिली नव्हती, त्यावर ओबामा म्हणाले की आपला हिशेब दोनात एक आहे, आणि हेसबर्ग यांचा दीडशेत दीडशे. (हेसबर्ग यांच्या नावावर खरोखर १५० मानद पदव्या होत्या.) मग मुद्द्याला हात घातला, दोन्ही बाजूंची मतं एका पातळीवर जुळणारच नाहीत हे कबूल केलं, आणि गर्भपाताला नकार देणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या विवेकाचा मान राखणारं कलम आणू असं सांगितलं. सूत्र तीन शब्दसमूहांचं: खुली मनं, खुली हृदयं, न्यायी शब्द.

---

वसईकर

त्याच वेळी बाहेर काय चाललं होतं तेही लिहितो, कारण ते सभागृहातल्यापेक्षा मोठं होतं.

विद्यार्थ्यांच्या दहा-बारा संघटनांनी मिळून 'एनडी रिस्पॉन्स' नावाची आघाडी केली होती. त्यांची सभा साऊथ क्वाडवर, म्हणजे वसतिगृहांमधल्या हिरवळीवर. परवानगी विद्यापीठानेच दिलेली. मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), प्रार्थना आणि भाषणं झाली, आरडाओरडा मात्र नाही. आदल्या रात्री परमप्रसादासमोर (मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीसमोर) जागरण. ज्या पदवीधरांना सभागृहात जायचं नव्हतं त्यांच्यासाठी ग्रोटोपाशी वेगळी प्रार्थना ठेवली होती. ग्रोटो म्हणजे लूर्दच्या गुहेची १८९६ मध्ये दगडात बांधलेली छोटी प्रतिकृती, बॅसिलिकाच्या मागे, उतरणीवर. एरवी परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं तिथे मेणबत्ती लावायला जातात. त्या दिवशी तिथे गाऊन घातलेले पदवीधर गुडघ्यांवर होते. डार्सी समारंभाला गेले नाहीत, साऊथ क्वाडवर मात्र अचानक येऊन उभे राहिले.

---

कायदाप्रेमी

आणि तिसरा गट होता बाहेरच्यांचा. रँडल टेरी आणि अ‍ॅलन कीज हे गर्भपातविरोधी कार्यकर्ते एप्रिल-मेपासून ठाण मांडून. रक्तासारखा रंग फासलेल्या बाहुल्या बाबागाडीत घालून आवारात मिरवणूक, डोक्यावर फलक ओढत घिरट्या घालणारी विमानं, मोठी छायाचित्रं लावलेले ट्रक. पकडलेल्यांत नॉर्मा मॅकॉर्व्हीही होत्या, म्हणजे १९७३ च्या प्रसिद्ध गर्भपात खटल्यातल्या 'जेन रो', ज्या नंतर विरोधी बाजूला गेल्या.

इथे लोक एक चूक हमखास करतात. "अमेरिकेत अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे ना, मग अटक कशी?" पहिली घटनादुरुस्ती बांधते सरकारला. नोटर डेम खासगी आहे, आवार खासगी मालमत्ता. फाटकाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्याच्या कडेला फलक घेऊन उभे राहा, कुणी हात लावणार नाही. फाटकातून आत पाऊल टाकलंत, निघायला सांगितलं आणि निघाला नाहीत, की अतिक्रमणाचा गुन्हा. विद्यार्थ्यांना परवानगी घेऊन तेच आत करता येत होतं. त्यामुळे चित्र असं दिसलं की आतले विरोधक गवतावर जपमाळ करतायत आणि फाटकात बाहेरच्या विरोधकांना, त्यात वयस्कर धर्मगुरूंनाही, बेड्या पडतायत. विरोधकांनीच ते छायाचित्र पुढे भरपूर वापरलं.

अटक झालेले ८८ जण 'नोटर डेम ८८' म्हणून ओळखले गेले. खटला दोन वर्षं रखडला, मे २०११ मध्ये आरोप मागे घेतले गेले. विद्यापीठाला त्यातून मिळालं काय? काही नाही, फक्त दोन वर्षं बातमी जिवंत राहिली.

---

भोचक_भवानी

हे सगळं वाचून एक प्रश्न पडला. तिथली मुलं एरवी कशी राहतात? सगळेच इतके धार्मिक असतात का?

---

मिसळभोक्ता

पदवीपूर्व मुलांत साधारण ८० टक्के कॅथलिक, पण रोजचं जगणं समजायचं तर टक्केवारी सोडून वसतिगृह बघा.

तिथे फ्रॅटर्निटी-सोरोरिटी (इतर अमेरिकी विद्यापीठांत असतात तशी मुलांची-मुलींची खासगी मंडळं) नाहीत. त्यांची जागा 'हॉल'ने घेतलेली आहे. मुलगे-मुलींचे हॉल वेगळे (मुलींना प्रवेशच १९७२ पासून). प्रत्येक हॉलमध्ये स्वतःचं चॅपल आणि तिथेच राहणारा रेक्टर, बऱ्याचदा धर्मगुरू किंवा सिस्टर. २०१८ ला दाखल झालेल्या तुकडीपासून पहिली सहा सत्रं आवारात राहणं सक्तीचं. त्यामुळे कोण कुठल्या शाखेचा यापेक्षा कोण कुठल्या हॉलचा ही ओळख पक्की. रविवारी रात्रीची मिस्सा हॉलमध्येच असते, मुलं पायजम्यात येतात. डिलन हॉलची गुरुवार रात्रीची 'मिल्कशेक मिस्सा' प्रसिद्ध आहे: मिस्सा संपली की मिल्कशेक. बिगरकॅथलिकही जातात, कशासाठी ते सांगायला नको.

सगळ्यात जास्त कुरकुर असते ती 'पॅरायटल्स'वर. आठवड्यात मध्यरात्रीनंतर आणि शुक्रवार-शनिवारी रात्री दोननंतर मुलग्यांच्या हॉलमध्ये मुलगी किंवा उलट थांबू शकत नाही. नियमभंग झाला की प्रकरण शिस्तीच्या प्रक्रियेत जातं. नियमपुस्तकाचं नाव 'डू लाक'. २१ पूर्ण असेल तर खोलीत बिअर चालते, कडक दारू कुठल्याच वयाला नाही.

अभ्यासक्रमात धर्मशास्त्राचे दोन विषय प्रत्येकाला. हिंदू, मुस्लिम, नास्तिक, कुणालाही सूट नाही. पण तो विषय म्हणून शिकवतात, परीक्षा आणि निबंध असतात, श्रद्धेची सक्ती नसते. मिस्साची सक्तीही नाही.

म्हणून "सगळेच धार्मिक का" याचं उत्तर नाही असंच. २००९ ला विद्यार्थ्यांच्या दैनिकात, 'ऑब्झर्व्हर'मध्ये, पत्रांचा पाऊस पडला आणि त्यात शेवटच्या वर्षाची बहुसंख्य मुलं आमंत्रणाच्या बाजूने होती. विरोध तीव्र होता तो पालक, माजी विद्यार्थी आणि बाहेरचे, यांच्यात.

---

कडू_कारलं

म्हणजे हा "विद्यार्थ्यांचा वाद" नव्हताच. पदवी कुणाची आणि भांडतंय कोण!

---

शब्दच्छल

नेहमी तसंच नसतं. २०१७ ला उलटं झालं. ट्रम्प यांना न बोलावता विद्यापीठाने उपाध्यक्ष माईक पेन्स यांना बोलावलं, इंडियानाचे माजी गव्हर्नर. या वेळी विद्यार्थीच उठले. पेन्स बोलायला लागताच शंभरेक पदवीधर खुर्च्या सोडून शांतपणे स्टेडियमबाहेर गेले. आक्षेप सीरियन निर्वासितांना राज्यात घ्यायला त्यांनी केलेल्या विरोधावर आणि समलिंगींविषयीच्या धोरणांवर. बेत आधीच जाहीर होता, विद्यापीठाने अडवलं नाही, कुणाची पदवी अडली नाही.

२०२४ मध्ये तर दोन नमुने. मे महिन्यात कॅन्ससमधल्या बेनेडिक्टिन कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू हॅरिसन बटकर. त्याने पदवी घेणाऱ्या मुलींना सांगितलं की तुमच्यातल्या बहुतेकींना नोकरीपेक्षा लग्न आणि मुलांचीच ओढ जास्त असेल. सभागृहात टाळ्या पडल्या, पण कॉलेजच्या संस्थापकांत असलेल्या माउंट सेंट स्कोलास्टिकाच्या सिस्टर्सनी निवेदन काढून हात झटकले. ऑक्टोबरात मेलबर्नला ऑस्ट्रेलियन कॅथलिक विद्यापीठात कामगार नेते जो डी ब्रुइन. मानद डॉक्टरेट घेतली आणि गर्भपात, समलिंगी विवाह यांवर चर्चचीच शिकवण मांडली. बरेचसे पदवीधर आणि कर्मचारी उठून गेले. विद्यापीठाने विद्यार्थ्यांना समारंभाचं शुल्क परत देऊ केलं! कॅथलिक विद्यापीठात कॅथलिक शिकवण बोलल्याबद्दल पैसे परत, हे ग्लेंडनबाईंच्याही कल्पनेत नसेल.

---

कायदाप्रेमी

आपल्याकडे असे वाद का दिसत नाहीत, असं कुणी विचारायच्या आत: आपल्याकडे पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. मुंबईचं झेवियर्स १८६९ पासून जेझुइटांचं, पण तिथल्या पदवीवर पिढ्यान्‌पिढ्या मुंबई विद्यापीठाचा शिक्का, आणि राज्य विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल. अल्पसंख्याक संस्थेला कलम ३० ने कारभाराचा हक्क आहे, मानद पदवी देण्याचा नाही. अमेरिकेत धर्मगुरूंचा संघ स्वतः विद्यापीठ काढतो आणि कुणाला डॉक्टर म्हणायचं तेही स्वतःच ठरवतो.

---

वसईकर

चौकस, धागा शेवटाकडे चाललाय तर २००९ नंतर नोटर डेममध्ये काय बदललं तेही टाकतो, कारण ते कुणीच लिहीत नाही.

जून २००९ मध्ये सान अँटोनिओला बिशपांची परिषद भरली, त्यांनी डार्सींच्या पाठीशी असल्याचा ठराव केला. सप्टेंबरात जेन्किन्स यांनी गर्भपाताच्या प्रश्नावर विद्यापीठाने काय करावं यासाठी कार्यगट नेमला. जानेवारी २०१० च्या वॉशिंग्टनमधल्या गर्भपातविरोधी मोर्चात ते स्वतः विद्यार्थ्यांबरोबर चालले. २०११ पासून विद्यापीठातल्याच नीतिशास्त्र आणि संस्कृती केंद्राने एव्हांजेलियम व्हिटे पदक सुरू केलं, खास गर्भपातविरोधी कामासाठी. आणि २१ मे २०१२ ला नोटर डेमने ओबामा सरकारवरच दावा ठोकला, कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यात गर्भनिरोधकांचा खर्च घालायच्या सक्तीविरुद्ध. पदवी दिल्याला जेमतेम तीन वर्षं आणि चार दिवस झाले होते. मानद पदवी मात्र मागे घेतली नाही.

---

मालवणी_मसाला

उशिरा आलो, सगळे मुद्दे संपवलेत लोकांनी. एक व्यवहाराचं विचारतो: भाचीचं तिथलं पदवीदान आहे, घरचे सगळे चाललेत. पाहुण्यावरून वाद झाला तर पालकांनी काय करायचं? आणि मिस्साला जावं का?

---

मिसळभोक्ता

काही करायचं नाही, लवकर पोचायचं. समारंभ २०१० पासून स्टेडियममध्ये होतो, उघड्यावर. मेमध्ये साऊथ बेंडला ऊन, पाऊस आणि बोचरा वारा एकाच दुपारी भेटतात, तेव्हा साडी असली तरी वर जाकीट हवंच. पाहुणा मोठा असेल तर तपासणीची रांग लांबते, मोठ्या पिशव्या हॉटेलवर ठेवा.

दोन वेगवेगळे कार्यक्रम असतात हे घरच्यांना आधी समजावा. मोठ्या समारंभात भाषण आणि मानद पदव्या, तिथे भाचीचं नाव वैयक्तिक पुकारत नाहीत. नाव पुकारून प्रमाणपत्र हातात देतात ते तिच्या शाखेच्या वेगळ्या समारंभात. फोटोसाठी कॅमेऱ्याची बॅटरी तिथे लागते. पाहुणा नकोसा असेल म्हणून मोठा समारंभ टाळला तरी पदवीला धक्का लागत नाही.

पदवीदानाची मिस्सा आदल्या दिवशी असते, जरूर जा, गायनवृंद ऐकण्यासारखा. परमप्रसादाच्या वेळी बिगरकॅथलिकांनी जागेवर बसून राहिलं तरी चालतं. रांगेत गेलात तर दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा, धर्मगुरू फक्त आशीर्वाद देतील. हात पुढे करू नका.

---

वसईकर

आणि सोनेरी घुमटाच्या इमारतीच्या दर्शनी पायऱ्या! पदवी मिळायच्या आधी त्या चढल्या तर पदवीच मिळत नाही असं मुलं मानतात. चार वर्षं बाजूच्या दारांनी जातात. म्हणून त्या दिवशी पायऱ्यांवर फोटोसाठी गर्दी उसळते, प्रमाणपत्र मिळाल्यावर लगेच गाठा.

---

मालवणी_मसाला

धन्यवाद मंडळी. आजीला त्या पायऱ्या चढवतील का, की पदवी लागते?

---

वसईकर

आजींना कोण अडवणार! उजवीकडून चढवा, मधल्या भागात फोटोवाल्यांचे ट्रायपॉड असतात.